खाऱ्या वाऱ्यातलं स्वयंपाकघर

अलिबागजवळच्या किहीममध्ये स्वयंपाकघराचा खर्च बऱ्याचदा दोनदा होतो. एकदा ते बसवताना, आणि पुन्हा काही पावसाळ्यांनंतर, सिंकखालचं कपाट फुगून दारं लागेनाशी झाल्यावर. ठाण्यात किंवा पुण्यात जे मॉड्युलर किचन वर्षानुवर्षं निमूट चालतं, तेच समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणून बसवलं की लवकर थकतं. म्हणून या किनाऱ्यावर ‘स्वस्तात किचन’ या शब्दांचा अर्थ कोटेशनमधला सगळ्यात कमी आकडा असा घेऊन चालत नाही. दुसऱ्यांदा खर्च पडणार नाही, ते खरं स्वस्त. आणि ते जमवायला महाग सामान लागतंच असं नाही. पाणी कुठे लागतं, वारा कुठून येतो आणि स्वयंपाक करणारं माणूस दिवसभर कुठे उभं असतं, एवढं आधी पाहावं लागतं.

वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे बारीक कण घरात सगळीकडे बसतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे धातूवर दमट थर कायम राहतो. मिठातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा जागोजागी फोडतं, मग तिथे तपकिरी ठिपके दिसू लागतात. साध्या बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलवर जस्ताचा पातळ मुलामा असतो. तो संपला की खालचं लोखंड गंजायला उशीर लागत नाही. पावसाळ्यात या पट्ट्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आठवडेच्या आठवडे काहीच सुकत नाही. अशा हवेत पार्टिकल बोर्ड, म्हणजे डिंकात दाबलेला लाकडाचा चुरा, कापलेल्या कडेतून पाणी पितो आणि फुगतो. एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कौलं-पत्रे उडून कितीतरी घरांत पाणी शिरलं. असं एकदाच पाणी शिरलं तरी या बोर्डाचं कपाट कामातून जातं. दगडी ओटा पुसून घेतला की झालं.

चौल-रेवदंड्यापासून किहीम, आवास, सासवण्यापर्यंतच्या अष्टागरातली जुनी घरं पाहिली तर त्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवलेला दिसतो. ओलं काम घराच्या मागच्या बाजूला. भांडी घासायची मोरी मागच्या पडवीत, मासे साफ करायचे ते विहिरीजवळ किंवा मागच्या अंगणात. आत चूल आणि तिच्या कडेचा वैल, भिंतीत फडताळ, वर माळा, आढ्याला शिंकाळं. बंद कपाटं जवळजवळ नाहीतच. सगळं उघडं, वारा लागणारं, धुराने कोरडं राहणारं. पुढे गॅस आला, उभ्याने स्वयंपाक सुरू झाला, गवंड्याने विटांवर कडप्पा टाकून ओटा बांधला आणि मोरी सिंकच्या रूपाने आत आली. तिथूनच ओलं आणि कोरडं एका रांगेत आलं. नव्या किचनमध्ये जे सडतं ते मुख्यतः या सांध्यावर सडतं.

आता पैसा जातो कुठे ते पाहू. लोकांना वाटतं, दारांच्या चकचकीत रंगाचे पैसे लागतात. प्रत्यक्षात मोठा भाग आतल्या खोक्यांचा असतो, जी कुणाला दिसतही नाहीत. दहा फुटी सरळ ओटा धरा, खोली दोन फूट, उंची अडीच फूट. त्याखाली दोन-दोन फुटांची पाच खोकी. प्रत्येक खोक्याच्या दोन बाजू मिळून दहा चौरस फूट, म्हणजे पाचांचे पन्नास. तळ वीस, मधली फळी वीस. झाले नव्वद चौरस फूट. दर्शनी दारं मात्र फक्त पंचवीस. आठ बाय चारची प्लायची शीट बत्तीस चौरस फुटांची असते. म्हणजे दारांना एक शीटही पुरी लागत नाही आणि न दिसणाऱ्या खोक्यांना जवळपास तीन लागतात. शिवाय पाठीला पातळ प्लाय, आतून सगळीकडे लॅमिनेट (तेच सव्वाशे-दीडशे चौरस फूट होतं), कडांना पट्टी आणि या सगळ्याची मजुरी.

आता हीच खोकी कडप्प्याची करा. ओटा बांधतानाच गवंडी दोन-दोन फुटांवर कडप्प्याच्या उभ्या फरशा लावतो, तळाला आणि मध्ये आडव्या फरशा बसवतो, वर ग्रॅनाईट. सहा उभ्या, पाच तळ, पाच मधल्या मिळून सत्तर चौरस फूट कडप्पा लागतो. त्याचा दर मरीन प्लाय आणि त्यावरचं लॅमिनेट यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी खाली असतो. दगडाला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही, मासळीचा वास धरत नाही. सुताराचं काम उरतं ते समोर अॅल्युमिनियमची किंवा लाकडाची चौकट ठोकून त्यात दारं बसवण्याचं. पुढे दारं कंटाळवाणी वाटली तर तेवढीच बदलायची, सांगाड्याला हात लावावा लागत नाही. किनाऱ्यावरच्या घरांसाठी हाच रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. शोरूममध्ये तो सहसा कुणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फार थोडं उरतं.

दगडी खणाची एक अडचण आहे. ड्रॉवरची चॅनेल दगडाला नीट धरत नाहीत. म्हणून ज्या खणात ड्रॉवर हवे असतील तिथे आत प्लायचं एक खोकं सरकवावं, आणि तो खण सिंकपासून सगळ्यात लांबचा निवडावा. किती ड्रॉवर? चमचे-सुऱ्यांचा एक, ताटल्या-वाट्यांचा एक, आणि कमरेला वाकणं कठीण असलेल्या माणसाच्या घरात जड पातेल्यांचा एक. बाकी सगळं फळीवर बसतं. बाटल्यांची अरुंद ट्रॉली, कोपऱ्यात फिरणारं चाक, वर उचलून उघडणारी दारं यांतली प्रत्येक वस्तू हलणारी आहे आणि खाऱ्या हवेत आधी बिघडतं ते हलणारंच. या वस्तू महागही सगळ्यात जास्त. त्या गाळल्या की कोटेशन लक्षात येण्याइतकं खाली येतं आणि स्वयंपाकाचं काहीच अडत नाही.

सिंकखाली तर काहीच करू नये. दार नको, तळाची फळी नको, लाकूडही नको. तिथे पाइपाचा सांधा आहे, कचऱ्याची बादली आहे, पुसायचं फडकं आहे. उघडं ठेवलं की गळती त्याच दिवशी दिसते. दिसणं अगदीच नको असेल तर अॅल्युमिनियमचं जाळीचं दार लावावं. वीकएंडपुरत्या उघडणाऱ्या घरांना तर ही गोष्ट जास्तच लागू पडते. जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक आठवडे बंद राहिलेल्या बंगल्यात सिंकखालचं दार उघडावं, की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, तळाच्या फळीच्या कडेला लॅमिनेट सुटून वर वळलेलं असतं, बोट दाबलं तर ते आत जातं. शेजारी गड्याच्या खोलीत त्याच गावच्या गवंड्याने बांधलेला उघडा कडप्प्याचा ओटा तसाच्या तसा उभा असतो. बंद घरात कपाटाची दारं किंचित उघडी ठेवून जावं किंवा दारांतच पट्ट्यापट्ट्यांची फट ठेवून घ्यावी. हवा खेळली तर बुरशी कमी धरते.

दगडांविषयी आणखी थोडं, कारण तिथे चुकीची निवड फार सहज होते. कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच जातकुळीचा, त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पदार्थ पडला की तो दगडाशी रासायनिक क्रिया करतो आणि चकाकी खातो. आपल्या स्वयंपाकात आमसुलं, चिंच आणि लिंबू रोज असतात. सोलकढीचं आगळ संगमरवरावर रात्रभर राहिलं तर सकाळी पांढरट, खरबरीत डाग दिसतो आणि तो घासून जात नाही. म्हणून आतल्या खणांना कडप्पा बिनदिक्कत वापरावा, पण वरच्या कामाच्या पृष्ठभागाला ग्रॅनाईटच. ग्रॅनाईट सिलिकेटांचा बनलेला असतो, त्याला घरातल्या आंबटाचं काही होत नाही. त्यातही काळा, राखाडी किंवा तपकिरी असा नेहमीचा माल घ्यावा. दुर्मीळ रंगाला जास्त पैसे पडतात, मजबुती तेवढीच असते. दगडाच्या वखारीत मोठ्या स्लॅबमधून उरलेले तुकडे पडलेले असतात. खिडकीचा कट्टा, पाण्याच्या पिंपाची जागा, गॅसशेजारची छोटी फळी यांना ते पुरतात. कडेला गोलाई हवी असेल तर ती रनिंग फुटावर मोजली जाते. ती फक्त समोरच्या कडेला पुरे, भिंतीकडच्या कडेला तिचा उपयोग नाही. आणि स्लॅबचा जोड सिंकच्या भोकावर येणार नाही हे कापण्याआधी खडूने आखून पाहावं.

प्लाय जिथे लागेलच तिथे ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. तो कुणीही छापू शकतो. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस ७१०. या मानकात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून डिंक सुटतो का ते पाहतात. शीटवर आयएसआयचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक, तिन्ही असावेत. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो परवाना क्रमांक टाकून खरा-खोटा तपासता येतो. दुकानातच उभं राहून तपासावा, संकोच करू नये. पण अख्खं किचन मरीन प्लायचं करायची गरज नाही. सिंकच्या शेजारचा खण आणि जमिनीलगतचा भाग तेवढा मरीनचा. वरच्या भिंतीवरच्या कपाटांना त्याहून हलक्या प्रतीचा चालतो. कुठलाही प्लाय असो, जिथे कापला तिथे त्याचं तोंड उघडं पडतं. त्या कडांना बसवण्याआधी ऑइल पेंटचे दोन हात मारायला सुताराला सांगावं. रंगाचा एक लहान डबा यासाठी पुरतो आणि त्याने कपाटाचं आयुष्य खूप वाढतं. पीव्हीसीची दारं फुगत नाहीत, म्हणून सिंकच्या बाजूला चांगली. मात्र ती स्क्रू नीट धरत नाहीत आणि शेगडीजवळ पिवळी पडतात, वाकतात.

या भागात जुनी घरं पाडून नवी बांधली जातात तेव्हा सागाची, फणसाची दारं, तुळया, फळ्या निघतात. त्या बहुतेकदा कुणाला तरी कवडीमोलाने दिल्या जातात. तसं करू नये. फणसाचं जुनं लाकूड मुरलेलं असतं. वखारीत रंधून घेतलं की त्यातून किचनची दारं आणि फळ्या होतात, आणि त्या लॅमिनेटच्या दारांपेक्षा देखण्या दिसतात. खिळे मात्र एकूण एक काढून द्यावेत, नाहीतर करवतीची पाती तुटते आणि वखारवाला काम परत पाठवतो.

स्टीलच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, तो चिकटत नाही, म्हणजे माल ३०४. हे खरं नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेलचा बराचसा भाग काढून मँगेनीज घातलेलं असतं. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, गंज मात्र २०२ ला समुद्राजवळ लवकर धरतो. चुंबकाने एवढंच कळतं की माल ४०० च्या मालिकेतला, चुंबक धरणारा आहे की नाही. खात्री करायची तर बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. सिंक, नळ आणि सिंकजवळच्या बिजागऱ्या ३०४ च्या असाव्यात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत आणखी टिकतं, पण घरातल्या किचनला त्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसलेलं ३०४ पुरतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर नळांच्या तोंडाशी क्षार साचतात. तिथे महागड्या मिक्सरपेक्षा साधा, सुटा उघडता येणारा नळ घ्यावा, त्याचा वायसर गावात मिळतो.

खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग सामानाच्या आधीचा आहे, तो आखणीचा. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या वसाहती उभ्या राहत होत्या. तिथे मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंनी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटर एवढ्याशा जागेत स्वयंपाकघर बसवलं. बाईमाणसाची पावलं मोजली, हालचालींना लागणारा वेळ मोजला आणि त्यावरून शेगडी, सिंक, फळ्या यांच्या जागा ठरवल्या. अशी सुमारे दहा हजार किचन तिथे बसली. आजच्या मॉड्युलर किचनची आजी तीच. मला त्यातलं जास्त आवडतं ते हे, की तिथे वस्तूनुसार सामान निवडलं होतं. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे होते, कारण त्यातल्या टॅनिनमुळे कीड लागत नाही. चिरायच्या जागी बीचचं लाकूड होतं. आपल्याकडच्या मॉड्युलर किचनने रांगेतली खोकी घेतली आणि ही नजर मागे राहिली.

किहीमच्या घरासाठी ती नजर लावली तर काय दिसेल? अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो माळांनी विकला जातो आणि टांगूनच टिकतो. बंद कपाटातल्या ‘ओनियन बास्केट’मध्ये तो कुजतो. मागच्या पडवीत एक आडवा बांबू किंवा गॅल्वनाइज्ड पाइप बांधला की चारचार माळा राहतात आणि एक अख्खी ट्रॉली वाचते. सुकी मासळी, म्हणजे सोडे, सुकट, बोंबील, प्लायच्या कपाटात ठेवू नयेत; लाकूड तो वास कायमचा धरून बसतं. घट्ट झाकणाचे डबे आणि दगडी खण हीच त्यांची जागा. ओले मासे साफ करायला मागच्या बाजूला एक लहान कडप्प्याचा ओटा आणि नळ द्यावा. आतल्या दुहेरी सिंकच्या निम्म्या पैशांत तो होतो आणि घरातला अर्धा ओलावा बाहेर राहतो. नारळ खवायला, कोळंबी सोलायला बरीच माणसं अजूनही विळी घेऊन खालीच बसतात. तेवढी जमीन मोकळी सोडा, त्या जागेवर कपाट नको.

ओट्याची उंची हा फुकटचा निर्णय आहे, पण चुकला तर सगळ्यात महाग. गवंडी सवयीने बत्तीस-तेहतीस इंच धरतो. नेहमी स्वयंपाक करणाऱ्या माणसाने उभं राहून कोपर काटकोनात धरावं आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याची पातळी यावी. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, म्हणून तिच्याखालचा भाग थोडा उतरवला तर मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदा दुखत नाही. गवंडीकामात हा उतार करायला जादा पैसे पडत नाहीत. विटांवर फळी टाकून दोन दिवस त्यावर भाजी चिरून पाहावी आणि मगच दगड कापायला सांगावं. सासूबाई बुटक्या आणि सून उंच असेल तर जास्त वेळ जी उभी राहणार तिचं माप धरावं. हे घरात बोलून ठरवायला हवं. बहुतेक घरांत ते बोललंच जात नाही, आणि मापाच्या टेपचं एक टोक धरायला घरातला पुरुष पुढे होतो, ज्याला तिथे उभंच राहायचं नसतं. याची मला खरोखर खंत वाटते.

सगळं एकदम करू नये, असंही माझं ठाम मत आहे. १९३० मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली जर्मनीहून परतले तेव्हा मुंबईतली त्यांची नोकरी पैशांअभावी बंद झाली होती. ते पत्नी तेहमिनांसह किहीमला येऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांची वसाहत महिनोन् महिने निरखत बसले. त्यांनी नोंदवलं, की नर घरटं अर्धवट विणून थांबतो. मादी येऊन ते तपासते, तिला पसंत पडलं तरच तो अंडी ठेवायची जागा आणि बोगदा पुरा करतो. किचनही असंच करावं. आधी ओटा, सिंक, गॅस, विजेचे पॉइंट आणि दगडी खण. एवढ्यावर तीन-चार महिने स्वयंपाक करावा. कुठल्या खणाला दार हवंच आहे, कुठला डबा रोज हाताला लागतो, वरचं कपाट लागतं की दोन उघड्या फळ्यांवर भागतं, हे आपोआप कळतं. दारं आणि ड्रॉवर त्यानंतर. बहुतेक घरांत यादीतल्या बऱ्याच गोष्टी या तीन-चार महिन्यांत गळून जातात.

कोटेशन घेताना मापाचा घोळ समजून घ्यायला हवा. एक जण रनिंग फुटाचा दर सांगतो, दुसरा दर्शनी चौरस फुटाचा, तिसरा खोक्याप्रमाणे. तिघांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. प्रत्येकाला त्याच चित्राचा, त्याच मापांचा एकूण आकडा विचारावा आणि सोबत लिहून घ्यावं: प्लायची जाडी आणि मानक, लॅमिनेटची जाडी, बिजागरीची ग्रेड, ड्रॉवर किती, हमाली आणि वाहतूक कुणाची, नळ-सिंकची जोडणी त्यात आहे की वेगळी, जीएसटी धरला आहे का. ‘विथ मटेरियल’ ठरवलं तर सामान बसवण्याआधी शीट स्वतः पाहावी. एकदा लॅमिनेट चिकटलं की आत काय आहे ते कळत नाही. मजुरी आणि सामान वेगळं ठेवलं तर थोडी धावपळ होते, पण पैसा कुठे गेला ते कळतं.

खरेदी कुठून करायची हा इथला नेहमीचा प्रश्न. जड ते जवळून, हलकं ते लांबून, हे सूत्र बरं. दगड, टाइल्स, प्लाय अलिबाग किंवा चोंढी-पेणच्या बाजूने घ्यावेत. मुंबईहून वडखळमार्गे टेंपो आणला तर भाडं वाढतं आणि वाटेत फुटलेल्या फरशीची भरपाई कुणी देत नाही. बिजागऱ्या, हँडल, नळ, स्विच हे मात्र मुंबईच्या लोहार चाळ, नागदेवी भागात भरपूर पर्यायांत मिळतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून स्वतःच्या गाडीच्या डिकीत ते घेऊन येणंही सोपं झालं आहे. टाइल्स ओट्यावर दोन फूट पुरतात, छतापर्यंत नेण्यात पैसा जातो. मोकळ्या वाडीतल्या घराला खिडकी आणि शेगडीच्या वर भिंतीत एक्झॉस्ट पंखा असला तर चिमणी नसली तरी चालतं. रोज तळण-भाजण मोठं असेल तर चिमणी घ्यावी, पण नळी सरळ बाहेर काढलेली. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी वाफ आणि उष्णता आतच ठेवते.

दोन ठिकाणी मात्र एक पैसाही वाचवू नये. गॅसची नळी आयएसआयची, दीड मीटरच्या आत, आणि पाच वर्षांनी बदललेली. सिलिंडरचा खण तळाशी उघडा किंवा जाळीचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. दुसरं, वीज. मिक्सर, फ्रीज, ओव्हन, पाण्याचा फिल्टर यांचे पॉइंट टाइल्स लावण्याआधी ठरवावेत, अर्थिंग तपासून घ्यावं आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. ओल्या हाताने स्विच दाबणाऱ्या माणसाचा जीव त्याच्यावर असतो. नंतर भिंत फोडून वायर घालायची म्हणजे टाइल्स, गवंडी आणि रंग असा तिहेरी खर्च.

काम दिवाळीनंतर काढावं. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, तेव्हा बसवलेली दारं उन्हाळ्यात आक्रसून फटी दाखवतात. गणपतीआधी तर प्रत्येक घराला सुतार आणि रंगारी हवा असतो, त्यामुळे घाई होते, मजुरी चढते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: सामान येताना, ओटा बसल्यावर, दारं लागल्यावर, आणि शेवटचा दहावा हिस्सा हातात ठेवून सिंक काठोकाठ भरावा, बूच एकदम काढावं आणि खाली कोरडा कागद पसरून पाइपाच्या प्रत्येक सांध्याखाली पाहावं. कागदावर एक थेंब जरी दिसला तरी प्लंबर निघून जाण्याआधी सांधा पुन्हा बांधून घ्यावा, आणि मगच हिशेब चुकता करावा.